युरोप म्हणजे केवळ इंग्लंड काय?

बारावीचे निकाल लागून कॉलेजांचे दरवाजे उघडले की वकिलाच्या कचेरीत कज्जेदलालीपेक्षा मुलांच्या शिक्षणाची मसलत घेण्यासाठीच अधिक मंडळी येऊ लागतात, हा आमचा दरसालचा अनुभव आहे. याच हंगामात एक घाऊक किराणा मालाचे व्यापारी आमच्याकडे आले होते. गृहस्थ सचोटीचे, पेढी तीन पिढ्यांची, आणि मुलगी अभ्यासात हुशार. या मुलीने विद्यापीठात जर्मन भाषा मुख्य विषय घेऊन बी. ए. करावयाचे व पुढे युरोपीय संस्कृतीचा अभ्यास करावयाचा असा हट्ट धरिला होता. वडिलांचा त्यास उघड विरोध नव्हता; पण त्यांचे मन घेत नव्हते. ते आम्हांस म्हणाले, "वकीलसाहेब, इंग्रजी तिला उत्तम येते. इंग्रजी आले म्हणजे सगळे युरोप आले. मग आणखी एका भाषेपायी तीन वर्षे आणि एवढा पैसा घालविण्यात हशील काय?"

आम्ही त्यांस त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले. परंतु हा प्रश्न एका पेढीवाल्याचा नाही. तो आमच्या शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरांत या दिवसांत विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा चुकीचे दिले जात आहे. यास्तव जे त्यांस पाच मिनिटांत सांगितले ते येथे विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम 'इंग्रजी आले म्हणजे युरोप आले' या समजुतीचे मूळ पाहू. पेशवाई बुडाल्यापासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आमच्यावर इंग्रजांचे राज्य होते, आणि तेवढा काळ युरोपातील जे जे काही आमच्यापर्यंत पोचले ते इंग्रजांच्या ओसरीवरून आले. फ्रान्सची राज्यक्रांती आम्ही इंग्रज इतिहासकारांच्या तोंडून ऐकिली, जर्मन तत्त्ववेत्ते व रशियन कादंबरीकार इंग्रजी भाषांतरांतून वाचिले, आणि पोर्तुगीज वा डच लोकांविषयीचे आमचे मतही बऱ्याच अंशी त्यांच्या या प्रतिस्पर्ध्यानेच बनवून दिले. इंग्रजीचे आमच्यावर उपकार नाहीत असे आम्ही म्हणत नाही. कायदा, वर्तमानपत्र आणि राष्ट्रीय सभेचे व्यासपीठ ही तिच्याच द्वारे आम्हांस लाभली. परंतु ज्या घरास एकच खिडकी आहे त्या घरातील माणसास आकाशही खिडकीएवढेच दिसावयाचे. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा आज २४ आहेत. आणि ज्या इंग्लंडास आम्ही युरोप समजत आलो ते ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी त्या संघातून बाहेरही पडले! द्वारपाल निघून गेला तरी आम्ही मात्र त्याच दारापाशी तिष्ठत उभे आहो.

कोणी म्हणेल की हा केवळ अभिमानाचा प्रश्न झाला. व्यवहारात यामुळे काय अडते? आम्ही कायद्याचे विद्यार्थी असल्यामुळे व्यवहारातलाच एक दाखला देतो. तो दाखला प्रत्येक मराठी माणसास ठाऊक असावयास पाहिजे, आणि दुर्दैवाने तो फारच थोड्यांस ठाऊक आहे.

१७७९ साली पुणे दरबार व पोर्तुगीज यांच्यामध्ये एक तह झाला. त्यातील एका कलमान्वये पोर्तुगीजांस १२,००० रुपये वसुलाची गावे तोडून देण्याचे ठरले, आणि पुढे १७८३ व १७८५ साली दिलेल्या सनदांनी दादरा व नगरहवेली या मुलखातील गावे त्यांच्याकडे लावून देण्यात आली. १९५४ साली तेथील लोकांनी व स्वयंसेवकांनी पोर्तुगीज अंमल उठवून दिला. तेव्हा डिसेंबर १९५५ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळून पुरता पंधरवडा झाला नाही तोच, पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर फिर्याद ठोकली. दमणहून या गावांपर्यंत भारताच्या प्रदेशातून जाण्यायेण्याचा आमचा हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. आणि या हक्काच्या मुळाशी १७७९ चा तो तह होता. आमच्या बाजूने ॲटर्नी-जनरल मोतीलाल सेटलवाड उभे होते, आणि मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला हे त्या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश होते.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा, की तेथे वाद कशाचा होता? पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका कलमातील शब्दांचा! तहाच्या निरनिराळ्या भाषांतील प्रती न्यायालयापुढे आल्या, त्यांत परस्परांत फरक होता, आणि उभय पक्षांस मान्य अशी एकही अस्सल प्रत नव्हती. मराठ्यांनी पोर्तुगीजांस गावे दिली ती सार्वभौम सत्तेसह दिली, की केवळ वसुलाचा हक्क दिला, यावर सारे अवलंबून होते. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निकाल दिला, त्यात असे ठरविले की त्या कलमाच्या भाषेवरून सार्वभौमत्व देण्याचा हेतू दिसत नाही. जेथे मराठ्यांस मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा असे, तेथे ते तसे स्पष्ट शब्द वापरीत. येथे दिला होता तो केवळ जहागिरीच्या, म्हणजेच सरंजामाच्या, जातीचा वसूल. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता वहिवाटीने मानली, म्हणून खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांस तो नाकारला, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही असेही सांगितले.

येणेप्रमाणे आमच्या पेशव्यांनी काय दिले व काय दिले नाही हे हेगला ठरले, आणि ते एका शब्दाच्या अर्थावरून ठरले. अशा प्रसंगी ज्या राष्ट्रापाशी मराठी दप्तर व पोर्तुगीज दप्तर ही दोन्ही मुळातून वाचणारी माणसे असतील त्याची बाजू बळकट, आणि जे राष्ट्र तिसऱ्याच भाषेतील भाषांतरावर विसंबून राहील त्याची बाजू लंगडी, हे सांगण्यास वकील कशाला पाहिजे?

हा दाखला जुना म्हणून कोणी टाळू नये. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तरी १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा तेथे अंमलात राहिला. विवाह, नवरा-बायकोची समाईक मालमत्ता, वारसा या घरोघरच्या गोष्टी त्याच्या आधारे चालत आल्या. तो भारतीय संसदेच्या संमतीने चालत असल्यामुळे आता भारतीयच कायदा होय, असे सुप्रीम कोर्टाने २०१९ साली स्पष्ट केले. आणि या कायद्याचे सरकारी इंग्रजी भाषांतर गोव्याच्या राजपत्रात प्रसिद्ध केव्हा झाले? २०१८ साली! म्हणजे मुक्तीनंतर ५७ वर्षेपर्यंत गोमंतकातील शेतकऱ्याने, दुकानदाराने वा विधवेने आपला हक्क जाणण्यासाठी पोर्तुगीज जाणणाऱ्या वकिलाच्या किंवा खाजगी भाषांतराच्या तोंडाकडे पाहावयाचे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज भाषेचे शिक्षण मिळते ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कायदा शिकणाऱ्या किती मराठी मुलांस त्याची आठवण होते?

जी गोष्ट कायद्याची तीच इतिहासाची. वेंगुर्ल्यास डचांची वखार होती, तिचे पडके बांधकाम आजही उभे आहे. पण त्या वखारीतून गेलेला पत्रव्यवहार डच भाषेत आहे. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तँ याने आपल्या स्मरणग्रंथात शिवाजी महाराजांच्या कर्नाटकच्या स्वारीच्या हकीकती टिपून ठेविल्या, त्या फ्रेंचमध्ये. कॉस्मे द ग्वार्द याने लिहिलेले महाराजांचे चरित्र १७३० साली लिस्बन येथे छापले गेले, ते पोर्तुगीजमध्ये. गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य वेचून पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणिला, म्हणून त्या बाजूचा अंधार थोडासा तरी ओसरला. महाराजांचे नाव घेऊन भांडणारे आमच्यात हजारो आहेत. महाराजांविषयी परकीयांनी काय लिहून ठेविले हे मुळातून वाचू शकणारे किती आहेत ते बोटांवर मोजावे लागेल.

आमच्या व्यापारी मित्रास इतिहासापेक्षा बाजारभाव अधिक समजतो, म्हणून त्यांच्या परिभाषेत बोलू. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात ती बहुतांशी नेदरलँड्सच्या मार्गाने. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यावरून आमची द्राक्षे तिकडे नाकारली गेली, आणि बागाईतदार व निर्यातदार यांस जबर फटका बसला. नियम काय आहे हे इंग्रजीतही वाचावयास मिळते, हे खरे. परंतु नियम होण्यापूर्वी त्याची चर्चा होते, ती त्या देशाच्या वर्तमानपत्रांत, त्या देशाच्या ग्राहकांच्या संघांत, त्या देशाच्या भाषेत होते. जो ती चर्चा ऐकतो तो हंगामाआधी सावध होतो. जो केवळ अखेरचा हुकूम वाचतो तो माल बंदरात पडल्यावर जागा होतो. चाकणच्या कारखान्यांत जर्मन यंत्रे व जर्मन भांडवल आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. अशा वेळी दुभाषा ठेवून व्यापार करणारा आणि स्वतः बोलून व्यापार करणारा यांच्यातील भेद पेढीवर बसणाऱ्यास तरी समजावून सांगावयास नको.

मात्र येथे एक घोटाळा होतो, तो दूर केला पाहिजे. भाषेचे क्लास आणि विद्यापीठातील अध्ययन ही एकच वस्तू नव्हे. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मुक्रर केल्या, आणि आमची मुले आज 'माझे बी-१ झाले, माझे बी-२ झाले' असे पदवी मिळविल्याप्रमाणे सांगत असतात. या पायऱ्या उपयोगी आहेत. परिचारिकेस, तंत्रज्ञास, परदेशी शिकावयास जाणाऱ्यास त्या चढाव्याच लागतात. परंतु त्या पायऱ्यांवरून मनुष्य दारापर्यंत पोचतो. घरात काय आहे ते विद्यापीठाने दाखवावयाचे असते. त्या लोकांचा कायदा कसा बनला, त्यांचे धर्मपंथ एकमेकांशी का झगडले, त्यांची वर्तमानपत्रे कशी चालतात, त्यांनी वसाहतींत काय केले आणि आज त्याविषयी ते काय म्हणतात, १९३३ साली एक सुशिक्षित राष्ट्र हिटलरच्या हाती कसे गेले, या गोष्टी संभाषणाच्या पुस्तकांतून कळत नाहीत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. मुंबई विद्यापीठात, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात हे शिक्षण मिळते. साधन नाही असे नाही. साधनाचा उपयोग कशासाठी करावयाचा याचा विचार नाही.

तो विचार जपानने केला. १८५९ साली फुकुझावा युकिची हा तरुण योकोहामा बंदरात गेला. त्याने अनेक वर्षे मेहनत करून डच भाषा आत्मसात केली होती, कारण जपानला त्या काळी युरोपची ओळख डचांच्या द्वारेच होती. योकोहामास पाहतो तो दुकानांच्या पाट्या त्यास वाचता येईनात, परदेशी व्यापाऱ्यांशी बोलता येईना! सारा व्यवहार इंग्रजीत चालला होता. जी एक खिडकी म्हणजेच युरोप असे जपान समजत होते ती अपुरी आहे, हे त्यास त्या दिवशी उमगले, आणि तो नव्याने इंग्रजी शिकावयास बसला. पुढे टोकियोतील केइओ विद्यापीठ त्याच्याच शाळेतून उभे राहिले. आमची स्थिती आज त्याच्याच उलट बाजूने तशीच आहे. फरक इतकाच, की आम्हांस अजून आमचे योकोहामा दिसलेले नाही.

याच जपानातील निशी आमाने हा १८६३ साली हॉलंडातील लायडन येथे कायदा व अर्थशास्त्र शिकावयास गेला. तो परत आला तो परभाषा मिरविण्यासाठी नव्हे. तत्त्वज्ञानास जपानी भाषेत शब्द नव्हता. त्याने 'तेत्सुगाकु' हा शब्द बनविला, आणि तीच अक्षरे पुढे चीननेही स्वीकारली. १८७३ साली जपानने फ्रान्सहून ब्वासोनाद या कायदेपंडितास बोलाविले, पुढे जर्मन कायद्याचाही कसून अभ्यास केला, आणि १८९८ साली आपला दिवाणी कायदा आपल्या भाषेत अंमलात आणिला. चार देशांच्या विहिरींतून पाणी काढिले, परंतु ते भरले आपल्या घरच्या रांजणात. परभाषेच्या अध्ययनाची हीच कसोटी आम्ही मानतो. घरच्या रांजणात काय पडले?

या कसोटीस आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस लाविले असता काय दिसते, ते स्पष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. अकरावीत जर्मन अथवा फ्रेंच घेणाऱ्या मुलांपैकी पुष्कळजण ती भाषा आवडते म्हणून घेत नाहीत. 'स्कोअरिंग' आहे म्हणून घेतात. मराठीत शंभरापैकी सत्तर पडतात आणि जर्मनमध्ये नव्वदाच्या पुढे, एवढाच तो हिशेब! परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत जाते. जर्मनही येत नाही आणि मराठी तर सुटलेलीच असते. शाळेत दहावीपर्यंत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळून पेढेही वाटून झाले. आणि त्याच घरांतील मुले गुणांच्या चार आण्यांसाठी मायबोली विकून परभाषा घेतात, व ती परभाषाही घेत नाहीत. या सौद्यात दोन्ही बाजूंनी तोटा आहे. आमच्या व्यापारी बंधूंनी असला सौदा आपल्या दुकानात एक दिवस तरी चालू दिला असता काय?

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंचे पाहावे. त्यांचा धर्मांतराचा मार्ग आम्हांस पटो वा न पटो, परंतु बायबल मराठीत आणावयाचे ठरल्यावर त्या इंग्रजी भाषांतरावर थांबल्या नाहीत. त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत मुळावरून मराठी भाषांतर पुरे केले. ज्ञानकोशकार केतकर यांच्या जर्मनभाषी पत्नी शीलवतीबाई यांनी विंटरनिट्झ या पंडिताचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणिला, म्हणून तो आमच्या विद्वानांच्या हाती लागला. आमच्याच वाङ्मयाचा इतिहास प्रागच्या प्राध्यापकाने लिहावा आणि तो कळावयास आम्हांस भाषांतराची वाट पाहावी लागावी, यात स्तुती त्या बाईंची आहे आणि लाज आमची आहे. पॅरिसमध्ये संस्कृतचे अध्यापनपीठ १८१४ साली निघाले, जर्मनीत बॉन येथे १८१८ साली, म्हणजे ज्या वर्षी पेशवाई बुडाली त्याच वर्षी! इंग्लंडातून आलेल्या फादर स्टीफन्सने गोव्यात बसून १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापिले. ते आमच्या भाषा शिकले, त्यात त्यांचे धर्माचे व राज्याचे हेतू होते हे आम्ही जाणून आहो. परंतु हेतू दुष्ट म्हणून विद्या सोडावी असे ठरत नाही. हेतू आपला ठेवावा आणि विद्या घ्यावी.

आता दोन आक्षेपांस उत्तर दिले पाहिजे. कोणी म्हणतात की आता यंत्रेच भाषांतर करून देतात, मग माणसाने कशाला शिकावे? आम्ही यंत्राचे शत्रू नाही. बाजारातील पाटी व औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचावयास ते चांगलेच उपयोगी पडते. परंतु वर आलेला 'सरंजाम' हा शब्द घ्या. आजच्या बोलीत सरंजाम म्हणजे सामानसुमान. पेशवाईच्या दप्तरात सरंजाम म्हणजे चाकरीसाठी लावून दिलेला वसूल. जो दोन्ही जाणतो तोच यंत्राची चूक पकडील. ज्यास मूळ भाषा येत नाही त्यास यंत्र चुकले हे कळणार तरी कसे?

दुसरा आक्षेप स्वदेशाभिमान्यांचा. परकीयांच्या भाषांचे एवढे स्तोम कशाला, असे ते विचारतात. आम्ही या पक्षाचेच असल्यामुळे त्यांस आपलेपणाने सांगतो. ज्यास एकच परभाषा येते त्याचे मन त्या एका राष्ट्राच्या मापाने जगास मोजू लागते, आणि ही गुलामीच होय. फ्रेंचाने इंग्रजाविषयी काय म्हटले, जर्मनाने फ्रेंचाविषयी काय लिहिले, हे जो वाचील त्याच्या डोळ्यांपुढून युरोपच्या अजिंक्यतेचे वलय आपोआप गळून पडेल. ज्या पोर्तुगालने गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधल्या अल्प खंडाखेरीज, इन्क्विझिशनचे न्यायासन चालविले, त्याच्याच कागदांतून त्या अन्यायाचा पुरावा मिळतो. शत्रूच्या दप्तराइतका चांगला साक्षीदार वकिलास दुसरा मिळत नाही.

केवळ टीका करून थांबणे हे वर्तमानपत्राचे काम नव्हे. सबब आमच्या सूचना थोडक्यात मांडतो. परकीय भाषेत एम. ए. होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी त्या भाषेतील निदान एक ग्रंथ किंवा कागदपत्रांचा एक संच इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून मराठीत आणावा, आणि तो तपासला जावा, असा नियम विद्यापीठांनी करावा. मराठ्यांच्या इतिहासावर संशोधन करू इच्छिणाऱ्यास पोर्तुगीज, डच किंवा फ्रेंच यांपैकी एक भाषा शिकण्याची सोय व सवलत असावी. मराठी सोडून नव्हे तर मराठीबरोबर परभाषा घेणाऱ्यास अकरावीत उत्तेजन मिळावे. आणि हे शिक्षण पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्या पेठांपुरते न राहता लातूर, गडचिरोली, रत्नागिरी येथील शेतकऱ्याच्या व कामकऱ्याच्या मुलांस मिळावे, याकरिता व्यापारी मंडळांनी शिष्यवृत्त्या ठेवाव्यात. देवळाच्या कळसास सोने देणाऱ्या हातांस हे जड नाही.

राहता राहिला त्या पित्याच्या मनातील एक प्रश्न, जो त्यांनी उठताना दाराशी हळूच विचारला. "शिक्षणाचे पटले. पण पुढे ती वर्षभर तिकडे जाते म्हणाली तर? मुलगी एकटी कशी धाडावयाची?" आम्ही त्यांस इतकेच म्हणालो, "शेठजी, १८८३ साली आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या वयात पतीवाचून जहाजाने अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या वेळी ना समुद्रापार टेलिफोन होता, ना विमान. आज तुमची मुलगी तिकडून रोज रात्री तुमच्याशी बोलेल. आम्ही तेव्हाच्यापेक्षा भित्रे झालो आहो काय?"

ते हसले आणि गेले. त्यांनी काय ठरविले ते आम्हांस अद्याप कळलेले नाही. प्रवेशाची मुदत अजून उरली आहे. त्यांच्यासारख्या प्रत्येक पित्यास आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की मुलीने जर्मन घेतली तर घेऊ द्यावी, फ्रेंच वा पोर्तुगीज घेतली तर घेऊ द्यावी, मात्र तिला एक अट घालावी. वर्षाकाठी जे काही नवे वाचशील त्यातले चार पाने तरी मराठीत लिहून घरी आण, आणि जेवणानंतर आम्हांस वाचून दाखव. पेढीच्या जमाखर्चात ही रक्कम दिसणार नाही. परंतु राष्ट्राच्या खात्यावर ती जमेच्या बाजूस पडेल, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही.